प्रवाळांचे 'पुनर्रोपण' : एका संज्ञेचा विचार

संस्कृतात 'प्रवाल' या शब्दाचे कोवळा अंकुर आणि पोवळे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत 'पोवळे' उरले ते मुख्यतः मंगळाचे रत्न म्हणून. एका अर्थी वनस्पती, दुसऱ्या अर्थी खडा. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे, याची खूण या शब्दात कोठेच नाही.

२०२० साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील खडकांवरील प्रवाळांच्या १८ वसाहती हलविण्यात आल्या. हे काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाल्यामुळे वन्यजीव अधिकाऱ्यांची अनुमतीही घ्यावी लागली. कायद्याने जो प्राणी मानला, त्याच्या हलविण्यास 'पुनर्रोपण' म्हणणे मात्र चालूच आहे.

रोपाची मुळे नव्या मातीत रुजतात. प्रवाळास मुळे नसतात. तो चुन्याच्या सांगाड्याने खडकास जखडलेला असतो. अनेक जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने त्यास अन्न पुरविते. म्हणून नव्या जागेची खोली व प्रकाश जुन्यासारखे असावे लागतात. खडकाचेही महत्त्व आहे. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणारे हे अनुभवाने जाणतात : टाकी हलविताना खडक वाळला, तर त्यावरील जिवाणू मरतात, अमोनिया साचतो आणि काचेमागील सारी सृष्टी काही दिवसांत नष्ट होऊ शकते. म्हणून खडक मूळ पाण्यातच भिजत ठेवून नेतात.

समुद्रात पाणी न्यावे लागत नाही, पण सर्वत्र पाणी सारखेही नसते. पोलादपूर-महाडवरून येणारी सावित्री पावसाळ्यात बाणकोटच्या खाडीत गोडे, गढूळ पाणी लोटते. कोकणच्या अशा नदीमुखांशी गाळाखाली प्रवाळ गुदमरतात. जागा निवडणे हेच या कामातील खरे शास्त्र होय.

'स्थलांतर' ही संज्ञाही निर्दोष नाही. 'प्रवाळांचे स्थलांतर' यातील षष्ठी कर्त्याची की कर्माची? प्रवाळ स्वतः हिंडतो तो केवळ अळीच्या अवस्थेत. एकदा चिकटला की जागा सोडत नाही. येथे हलविणारा दुसरा आहे, आणि ते कर्तृत्व 'स्थलांतरण' या रूपात अधिक स्पष्ट होते. 'रोपण' म्हटले की काम लावण्यापाशी संपल्यासारखे वाटते. प्रवाळांच्या कित्येक जाती मात्र वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.