पऱ्यावरचा राजा

पावसाळा सरून रत्नागिरी जिल्ह्यांतील पऱ्यांचें पाणी निवळलें, म्हणजे देवरूख-संगमेश्वरकडील एखाद्या डोहावर एक भला मोठा चतुर फेऱ्या घालतांना दिसतो. अॅनॅक्स इमॅक्युलिफ्रॉन्स हें त्याचें शास्त्रीय नांव. रांबूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें तें १८४२ सालीं दिलें. 'कपाळावर डाग नसलेला राजा' असा त्याचा अर्थ. राज्यही लहान नव्हे. तुर्कस्तानापासून चीनपर्यंत तें पसरलें आहे.

लांबी सुमारें तीन इंच, पसरलेल्या पंखांची रुंदी चार इंचांहून अधिक. छाती फिकट निळसर व तिच्यावर काळे जाड पट्टे, पोट काळें-तांबूस, निळे डोळे इतके मोठे कीं माथ्यावर ते एकमेकांस भिडतात. नर आपल्या हद्दींत दुसऱ्या नरास टिकूं देत नाहीं. डांस, माशा उडतां उडतां पकडतो. टाचणी पंख मिटून बसते. हा थकला तर पंख पसरूनच फांदीस लोंबकळतो.

चतुर डसतो असें पुष्कळ घरांतून मुलांना सांगतात, आणि तींच मुलें त्याच्या शेपटीस दोरा बांधतात! वास्तविक ती शेपटी नव्हे, पोट आहे, व त्यास नांगी नाहीं. मादीच्या पोटाच्या टोकाशीं धारदार अवयव असतो खरा. पण तो पाणवनस्पतींचे देठ चिरून आंत अंडीं घालण्यासाठीं.

अंड्यांतून निघालेलें पिल्लू कित्येक महिने पाण्यांतच राहतें. त्याचा खालचा ओठ बिजागरीसारखा दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यांत येतांच तो क्षणार्धांत पुढें सुटतो आणि टोकाच्या आंकड्यांनीं त्यास धरून तोंडाशीं आणतो. डांसांच्या अळ्या, बेडकांचीं पिल्लें, लहान मासे, कांहींच वर्ज्य नाहीं. कल्ले पोटाच्या मागील टोकांत असतात. तेथें घेतलेलें पाणी जोरानें बाहेर फेकून तें संकटप्रसंगीं बाणासारखें पळतें.

मासे मारण्यासाठीं डोहांत विषारी भुकटी टाकण्याची दुष्ट खोड कोठें कोठें आहे. मासा कोणता व चतुराचें पिल्लू कोणतें हें त्या भुकटीस कळत नाहीं. पंखांचे चतुर उडून जातात. पुढची सारी पिढी मात्र त्या डोहांतच असते.

वाढ पुरी झालेलें पिल्लू एका रात्रीं दगडावर किंवा लव्हाळ्यावर चढतें. पाठीवरील कातडी उकलते, आणि चुरगळलेल्या पंखांचा मऊ चतुर बाहेर येतो. पंख ताठ होण्यास कांहीं तास लागतात. तेवढ्यांत मुंग्यांनीं वा पक्ष्यांनीं न गांठलें तर उजाडतांना तो उडून जातो. डोहाकांठीं शोधल्यास त्याची रिकामी कात दगडास चिकटलेली सांपडते. तिच्या पाठीच्या फटींत पांढरे धागे दिसतात. तीं त्याच्या जुन्या श्वासनळ्यांचीं अस्तरें होत.