वार्धक्यातील पडणे : नशीब नव्हे, टाळता येणारा धोका

‘न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त झाले आणि त्यानंतर त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत’, हे वाक्य आजारी माणसाच्या समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. त्यातील ‘निमित्त’ हा शब्द विचार करायला लावणारा आहे. म्हातारपणी माणूस पडायचाच, असे एकदा गृहीत धरले की कारणे शोधण्याची गरजच उरत नाही. प्रत्यक्षात घरातल्या घरात पडण्यामागे बहुतेक वेळा एकापेक्षा अधिक कारणे असतात आणि त्यांतील बरीचशी दूर करता येण्याजोगी असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ व त्याहून अधिक वयाचे १० कोटींहून अधिक नागरिक होते. मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात दोघेच वृद्ध, हे चित्र आता शहरांतून सर्रास दिसते. त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा झाला आहे.

तोल कसा सांभाळला जातो?

डोळे, अंतर्कर्ण आणि पावलांतील व सांध्यांतील संवेदना या तिन्हींकडून येणारी माहिती मेंदू एकत्र करतो आणि त्यानुसार स्नायूंना आज्ञा देतो. वयोमानानुसार या प्रत्येक दुव्यात थोडी थोडी उणीव येते. मोतीबिंदूमुळे दृष्टी अधू होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पावले बधिर होतात. मांड्यांतील स्नायूंची ताकद घटते. दिवसा एका इंद्रियाची उणीव दुसरे भरून काढते. परंतु मध्यरात्री लघवीसाठी उठल्यावर अंधारात डोळ्यांचा आधारही जातो आणि एरवी सहज ओलांडला जाणारा उंबरठा अडथळा ठरतो.

दुसरे महत्त्वाचे कारण रक्तदाबाचे. झोपेतून किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसून एकदम उठल्यावर रक्त पायांकडे उतरते. तरुण शरीर क्षणात ते सावरून घेते, वृद्ध शरीराला वेळ लागतो. उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. अंथरुणावरून उठताना आधी काठावर पाय सोडून मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. ही साधी सवयही उपयोगी पडते.

औषधांची उजळणी

झोपेच्या व चिंता कमी करणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची व लघवी वाढवणारी औषधे, सर्दीवरील गुंगी आणणाऱ्या गोळ्या, रक्तातील साखर फार उतरवणारी औषधे यांमुळे तोल जाण्याचा धोका वाढतो. हृदयविकार, मधुमेह आणि सांधेदुखी यांसाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाच्या सर्व गोळ्या एकत्र कोणी पाहतच नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी सगळी औषधे एका पिशवीत घालून कुटुंबाच्या डॉक्टरांना दाखवावीत. कोणतीही गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

घराकडे नव्या नजरेने

चकचकीत फरशी दिसायला सुंदर असली, तरी पाण्याचा थेंब पडताच ती घसरगुंडी होते. न्हाणीघरात खडबडीत फरशी किंवा न सरकणारी रबरी चटई हवी. शौचालयाजवळ भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे हवेत. टॉवेल अडकवण्याची दांडी शरीराचा भार पेलत नाही. आंघोळीसाठी पाटाऐवजी खुर्ची किंवा उंच स्टूल असावे. कडी आतून लागली तरी बाहेरून उघडता यावी, अशी सोय करावी.

पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. सुटी पायपुसणी, सतरंजीचे दुमडलेले टोक, वाटेत पसरलेल्या वायरी हटवाव्यात. रोज लागणारे डबे माळ्यावर न ठेवता हाताच्या उंचीवर आणावेत. सैल स्लीपरऐवजी टाचेला पट्टा असलेली, पकड असलेली चप्पल घालावी. दूरच्या-जवळच्या नजरेच्या एकत्रित चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते. त्यामुळे जिन्यावर कठडा सोडू नये.

व्यायामाला पर्याय नाही

पडण्याच्या भीतीने हालचाल कमी केली, की स्नायू अधिक दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता आणखी वाढते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या व्यापक आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे आढळले. तोल आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम यात मोलाचे ठरतात. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे हे घरीही करता येते. सुरुवात मात्र फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने करावी.

एक सोपी चाचणीही आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. नेहमीच्या चालीने याला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर तपासणीची गरज आहे, असे समजावे. चाचणीच्या वेळी कोणीतरी शेजारी उभे राहावे.

पडल्यावर काय करावे?

पडलेल्या व्यक्तीला घाईने ओढून उठवू नये. पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल किंवा खुब्यात तीव्र वेदना असतील, तर अस्थिभंगाची शक्यता असते. अशा वेळी मालिश न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी लगेच रुग्णालय गाठावे. एकट्या राहणाऱ्यांनी मोबाइल न्हाणीघरातही हाताशी ठेवावा आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावी. तासन्‌तास जमिनीवर पडून राहणे हे अनेकदा मूळ दुखापतीइतकेच घातक ठरते.

सर्वांत मोठा अडसर मात्र संकोचाचा आहे. ‘मुलाला सांगू नकोस, उगाच बाहेर जाणे बंद करतील’, असे म्हणत अनेक ज्येष्ठ आपले पडणे लपवतात. काठी घेणे म्हणजे हार पत्करणे, असेही काहींना वाटते. वर्षभरात एकदा पडलेल्या व्यक्तीला पुन्हा पडण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे इजा झाली नसली तरी ती घटना डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच हवी. त्यासाठी घरच्यांनीही रागावणे आणि निर्बंध घालणे टाळले पाहिजे. आई-वडिलांना खोलीत बसवून ठेवणे म्हणजे काळजी नव्हे. त्यांना निर्धास्तपणे चालता-फिरता येईल असे घर करणे, ही खरी काळजी.