पाण्यावरचा संसार

येरमाळ्याला येडाईच्या डोंगरावर उभे राहिले की खाली सोयाबीन-ज्वारीची राने आणि धुळे-सोलापूर रस्ता दिसतो. होडी चालेल एवढे पाणी पाहायचे तर मांजरा धरणावर धनेगावला जावे लागते, आणि तेही पाऊस बरा झाला त्या वर्षी. अशा मुलखातल्या वाचकांना होडीवर राहणाऱ्या माणसांची हकिकत कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही हकिकत प्रपंचाची आहे, आणि शेतीखात्यातला माणूस म्हणूनच ती मला सांगावीशी वाटते.

भारतीय नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गौरव गौतम, त्यांच्या पत्नी वैदेही चिटणवीस आणि त्यांची मुलगी यांनी घरातले बहुतेक सामान काढून टाकले आणि २०२२ साली शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड केले. नौकेचे नाव 'रीवा', लांबी ४२ फूट. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून उभा केला तर जेवढी जागा व्यापतो, साधारण तेवढी. त्यातच चूल, अंथरूण, मुलीचा अभ्यास, इंजिन आणि डिझेल. नौदलातल्या माणसाला समुद्र नवा नव्हे. पण मोठ्या जहाजावर मदतीला शेकडो हात असतात, इथे घरचीच माणसे.

अशी नौका बहुधा जुनीच घेतात. घेण्याची रीत आपल्या बैलबाजारासारखी आहे. आपण बैलाचे दात पाहतो, चालवून पाहतो. तिथे नौका पाण्याबाहेर उचलून तिच्या बुडावर लहान हातोडीने ठोकत जातात. फायबर चांगले असेल तर टणक आवाज येतो, आत पाणी मुरले असेल तर बद्द वाजते. माठ घेताना आपल्या बायका हेच करतात. या कामाचे जाणकार पैसे घेऊन तपासणी करून देतात, आणि त्या पैशांची काटकसर करू नये. कारण घेण्याची किंमत एकदाच द्यायची. पुढे दरसाल किमतीच्या सुमारे दहावा हिस्सा डागडुजीला धरावा, असा नौकावाल्यांचा ठोकताळा आहे. ट्रॅक्टर हप्त्याने घेणाऱ्या किती जणांनी दुरुस्तीचा असा हिशेब आधी मांडलेला असतो?

समुद्राचे पाणी नौकेला सतत खात असते. बुडाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे बारीक जीव चिकटतात, नौका जड होते, डिझेल जास्त लागते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी ती बाहेर काढून, खरवडून, जीव धरू नयेत असा खास रंग द्यावा लागतो. दुसरी युक्ती मला फार आवडली. खाऱ्या पाण्यात पितळेचा पंखा आणि लोखंडाचा दांडा गंजू नये म्हणून त्यांच्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात. पाणी आधी जस्त खाते, पंखा वाचतो. जस्त झिजले की नवे बसवायचे. टोमॅटोभोवती आपण झेंडू लावतो तोच हा प्रकार. सापळा पीकच म्हणा. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत खेचणारी एक रबरी चक्री असते. ती फाटली की इंजिन तापून बसते. म्हणून इंजिन चालू केल्यावर मागच्या नळीतून पाणी पडते की नाही हे आधी वाकून पाहायचे. चक्री स्वस्त असते, तशीच एक जवळ ठेवायची असते आणि बदलायला शिकायचे असते, कारण भर समुद्रात मेस्त्री येत नाही.

नांगर हा शब्द आपलाही आणि दर्यावर्दींचाही. आपला माती उकलतो, त्यांचा मातीत रुतून घर धरून ठेवतो. पाणी जेवढे खोल त्याच्या निदान पाचपट साखळी सोडतात, वादळात त्याहून जास्त, म्हणजे ओढ आडवी लागते आणि नांगर उपटत नाही. रात्री वारा फिरला की कोणीतरी उठून नांगर सरकला नाही ना हे पाहतो. पाणी भरायला रात्रीची पाळी आलेल्या शेतकऱ्याला ही झोपमोड सांगायला नको.

गोडे पाणी टाकीतले, मोजून. भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. सौर तक्त्यांवर वीज जितकी तितकीच वापरायची. शहरातल्या माणसाला हे शिकावे लागते. टँकरची वाट पाहणारी आमच्याकडची बाई यात त्यांना चार गोष्टी शिकवील.

पण शेतकरी घराने घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दोघेच नौकेवर असताना एक जण पाण्यात पडला, तर उरलेल्याला एकट्याने शिडे उतरवून, इंजिन चालू करून, नौका वळवून त्याला वर घ्यावे लागते. याची तालीम घेतात. पडलेल्याकडे तरंगते कडे फेकायचे आणि त्याच्यावरची नजर काढायची नाही, कारण लाटांत माणसाचे डोके क्षणात दिसेनासे होते. आता पडणारा नवराच असला आणि बायकोला इंजिन चालू करता येत नसले तर? म्हणून तिथे 'हे बाईचे काम नाही' हे वाक्य चालत नाही. सुकाणू, नकाशा, बिनतारी, पंपाची दुरुस्ती, सारे दोघांना यावे लागते, स्वयंपाकही.

आमच्या भागात मयत शेतकऱ्याची पत्नी कागदांची पिशवी घेऊन येते तेव्हा मला हे आठवते. कर्ज कोणत्या बँकेचे, विमा कोणत्या पिकाचा भरला, विजेचे मीटर कोणाच्या नावावर, तिला ठाऊक नसते. त्याच रानात ती वीस वर्षे राबलेली असते. मोटारीचा स्टार्टर दाबायला कोणी शिकवले नाही, मग कागद कोण दाखवणार? शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या पुढाकाराने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा निर्णय काढला. अर्ज नवऱ्याने तहसीलदाराकडे करायचा असतो. तो जिवंत असतानाच करायचा असतो, हे सांगायला नको, तरी सांगतो.

होडीवरचे राहणे म्हणजे हौसच असते, असेही समजू नये. इंग्लंडात कालव्यांतून कोळसा वाहणाऱ्या होड्या होत्या. सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. रेल्वे आली, भाडे पडले. तेव्हा नावाड्यांनी काठावरचे घर सोडले, मजूर काढून बायकोलाच होडीवर घेतले आणि दहा फुटांच्या खोपटात पोरांसह संसार मांडला. मजुरी एकाच्या नावाने, काम दोघांचे. आपल्याकडे ठेकेदार उचल देतो ती 'एका कोयत्याला', म्हणजे नवरा-बायको मिळून, त्याची ही जुनी बहीण. मुलांची शाळाही तशीच बुडायची. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने ओरड केली तेव्हा १८७७ साली कायदा होऊन होडीत किती माणसे राहू शकतात हे ठरले.

आपल्या जवळ पाहायचे तर उजनी. १९८० साली धरण झाले, काळी राने पाण्याखाली गेली आणि काठावरच्या किती तरी घरांनी मासेमारी धरली. चिलापी, कटला, रोहू भिगवणच्या बाजारात जातो. काही होड्यांत नवरा वल्हे मारतो आणि बायको जाळे सोडते. २१ मे २०२४ रोजी याच पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला.

धरणाकाठच्या कोणाला जोडधंदा म्हणून होडी घ्यायची असेल, तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याकडे चौकशी करावी. धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते, सभासद झाल्याशिवाय जाळे टाकता येत नाही. पत्र्याची होडी असेल तर पावसाआधी उलटी घालून गंज खरवडावा आणि डांबर द्यावे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेला ढग दाटले की काठ धरावा. आणि जितकी माणसे तितकी तरंगती जाकिटे घ्यावीत, अंगात घालून पट्टे आवळावेत. होडीत बसायला उशी म्हणून ती वापरलेली मी पाहिली आहेत.