मोफत प्रशिक्षण मिळाले, मग अनुदान कोठे? शेतीपूरक व्यवसायासाठीच्या योजनांचा हिशेब

शेळीपालनाचे प्रशिक्षण घेऊन आलेला तरुण तालुक्याच्या कार्यालयात बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, "साहेब, प्रमाणपत्र मिळालं. आता अनुदान खात्यात कधी पडणार?" बरोबरचे वडीलही तोच प्रश्न पुन्हा विचारतात. उत्तर ऐकून दोघांचीही निराशा होते, कारण प्रशिक्षणाचे अनुदान आधीच खर्च झालेले असते. ते त्यांच्या जेवणावर, राहण्यावर आणि शिकवण्यावर खर्च झाले. धंद्यासाठीचे पैसे वेगळ्या दारातून येतात. त्या दाराशी बँक असते आणि पैसे आधी कर्ज म्हणून येतात.

हा फरक अर्ज करण्यापूर्वीच समजून घेतला, तर पुढची धावपळ आणि दलालाला दिले जाणारे पैसे दोन्ही वाचतात.

आरसेटी : शिक्षण, राहणे, जेवण मोफत

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, जिल्ह्यातील अग्रणी बँकेमार्फत चालवली जाते. या कल्पनेचे मूळ कर्नाटकातील धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावात आहे. तेथे १९८२ मध्ये दोन बँका आणि एका धर्मादाय न्यासाने मिळून अशी पहिली संस्था काढली. पुढे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने हाच नमुना देशभर नेला. जागा राज्य सरकारने द्यायची, इमारतीसाठी केंद्राने एकदाच अनुदान द्यायचे आणि रोजचा कारभार बँकेने पाहायचा, अशी वाटणी आहे. ग्रामीण गरीब प्रशिक्षणार्थींचा खर्च मंत्रालय संस्थेला देते. उमेदवाराच्या हातात काही पडत नाही, तसेच त्याने काही द्यायचेही नसते.

शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी उत्पादन, दुग्धव्यवसाय व गांडूळखत हे वर्ग साधारण १० दिवसांचे असतात. शिवणकाम किंवा मोबाईल दुरुस्तीला महिनाभर लागतो. वर्ग निवासी असल्याने घरी जनावरांची धार कोण काढणार, हे आधी ठरवूनच नाव द्यावे. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांमुळे गरजूची जागा वाया जाते.

आरसेटीचा खरा फायदा प्रशिक्षणानंतर सुरू होतो. संस्था २ वर्षे पाठपुरावा करते आणि कर्ज प्रकरण बँकेकडे नेण्यास मदत करते. बरेच जण प्रमाणपत्र कपाटात ठेवतात आणि संस्थेचा फोनही उचलत नाहीत. कर्ज हवे असेल, तर हा पाठपुरावा सोडू नये. प्रकरणाची शिफारस बँकेने चालवलेल्याच संस्थेकडून आली, तर शाखा व्यवस्थापकाला उमेदवाराची थोडीफार ओळख झालेली असते.

आत्मामार्फत ७ दिवसांचे वर्ग

ग्रामीण युवकांच्या कौशल्य प्रशिक्षणाचे ७ दिवसांचे वर्ग आत्मा, कृषी विज्ञान केंद्रे अशा संस्थांमार्फत होतात. रोपवाटिका, मधमाशीपालन, फळप्रक्रिया, यंत्रदुरुस्ती असे विषय असतात. सात दिवसांत कोणी पक्का कारागीर होत नाही. पण हे काम आपल्याला जमेल का आणि आवडेल का, हे मात्र कळते. कर्ज काढण्यापूर्वी ते कळलेले बरे.

कृषी पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी

मोठे अनुदान ज्या योजनेत आहे, तिच्याबद्दल गावात सर्वांत कमी बोलले जाते. कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना केंद्राने २००२ मध्ये सुरू केली. कृषी व संलग्न विषयांतील पदवीधर, पदविकाधारक आणि ठरावीक गुणांसह कृषी विषय घेऊन बारावी झालेले यांत पात्र ठरतात. प्रशिक्षण ४५ दिवसांचे, निवासी आणि मोफत असते. ते हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेच्या देखरेखीखालील केंद्रांत होते, तर अनुदानाचे काम नाबार्डकडे आहे. माती-पाणी तपासणी, कृषी निविष्ठा विक्री, अवजारे भाड्याने देणे, रोपवाटिका, पशुवैद्यकीय सेवा असे अनेक व्यवसाय यात बसतात.

वैयक्तिक प्रकल्पाची मर्यादा २० लाख रुपये आहे, तर पाच प्रशिक्षितांच्या गटासाठी ती १ कोटी आहे. अनुदान सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४४ टक्के मिळते. म्हणजे २० लाखांच्या प्रकल्पाला ७ लाख २० हजार किंवा ८ लाख ८० हजार रुपये.

आकडा मोठा आहे आणि गैरसमजही इथेच होतो. हे अनुदान कर्जाच्या शेवटी जमा धरले जाते. समजा प्रकल्प १० लाखांचा आहे, १ लाख स्वतःचे आहेत आणि ९ लाखांचे कर्ज मंजूर झाले. ३६ टक्क्यांप्रमाणे अनुदान ३ लाख ६० हजार होते. ते बँकेत कर्जदाराच्या नावे, पण वेगळ्या राखीव खात्यात राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, म्हणजे व्याज ५ लाख ४० हजारांवरच धरले जाते. हे ३ लाख ६० हजार काढता येत नाहीत. किमान ३ वर्षे धंदा चालू ठेवून हप्ते फेडत गेले, की शेवटी ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच हप्ते थकून खाते बुडीत निघाले, तर अनुदान परत जाते आणि पूर्ण कर्ज डोक्यावर राहते.

म्हणून ज्या धंद्याचा हिशेब अनुदान धरल्याशिवाय जमतच नाही, तो धंदा सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रकल्प अहवालात पहिल्या वर्षीची विक्री अर्धीच धरून हप्ता निघतो का, ते पाहावे. निविष्ठा केंद्राची उधारी दिवाळीपर्यंत वसूल होत नाही, ही गोष्ट तयार अहवाल विकणारा सांगणार नाही.

बचत गटांसाठी ड्रोन

नमो ड्रोन दीदी योजना २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी मंजूर झाली. तिचे उद्दिष्ट १५,००० महिला बचत गटांचे होते. यात प्रशिक्षण आणि साधन एकत्र मिळते. गटातील एका महिलेला १५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि ड्रोन संचाच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साह्य मिळते. उरलेली रक्कम कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाने उभी करता येते आणि त्यावर ३ टक्के व्याज सवलत आहे. अर्ज एकट्या महिलेचा नसतो, गटाचा असतो. फवारणीची मागणी हंगामापुरती असते, त्यामुळे आसपासच्या किती गावांतून काम मिळेल, ते आधी मोजावे.

वर्ग आपल्या गावात आणायचा तर

ग्रामपंचायत किंवा शेतकरी गट थेट दिल्लीला अर्ज करून वर्ग मिळवू शकत नाही. मागणी तालुक्यातून वर जाते. आत्माचे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक वर्षाचा आराखडा तयार करतात आणि त्यावर तालुक्याची शेतकरी सल्लागार समिती मत देते. विस्तार कार्यकर्त्यांनी या टप्प्यावर लेखी मागणी द्यावी. विषय, इच्छुकांची नावे, वय, शिक्षण आणि प्रत्येकाकडे आज काय आहे, म्हणजे शेड, जागा, जनावरे, हे लिहावे. "बेरोजगार युवकांना प्रशिक्षण द्यावे" एवढ्या एका ओळीच्या ठरावावर सहसा काही हलत नाही. वीस नावांची यादी जोडली, की वर्ग भरेल याची अधिकाऱ्याला खात्री पटते.

आत्माच्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के निधी महिलांसाठीच्या कार्यक्रमांवर खर्च करायचा असतो. म्हणून महिलांच्या वर्गाची मागणी वेगळ्या पत्राने द्यावी आणि वेळ दुपारची मागावी. निवासी वर्गाला येऊ न शकणाऱ्या बायका गावातल्या दुपारच्या वर्गाला येतात.

वरीलपैकी कोणत्याही प्रशिक्षणाला प्रवेश शुल्क मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. योजनांचे निकष आणि रकमा बदलत असतात, त्यामुळे अर्जापूर्वी आरसेटी, आत्मा किंवा बँक शाखेतून ताजे परिपत्रक पाहून घ्यावे आणि त्याची एक प्रत जवळ ठेवावी.