उघड्या मोटारीचा काढता टप

बेंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा वर्षातील बराच काळ सुखद असते आणि वार्षिक पाऊस साधारणपणे १०० सेंटीमीटरच्या आसपास पडतो. पश्चिम किनाऱ्यावरील पणजीस मात्र तो याच्या जवळजवळ तिप्पट असतो. उघड्या टपाच्या मोटारीतून फिरण्यास बेंगळूरसारखे दुसरे अनुकूल शहर भारतात क्वचितच आढळेल. तथापि एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत स्वच्छ असलेले आकाश संध्याकाळी एकाएकी भरून येते आणि विजांच्या कडकडाटासह वळिवाच्या सरी कोसळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर पावसाचा जोर अधिकच असतो. अशा वेळी उघड्या मोटारीच्या मालकास एका पक्क्या आच्छादनाची आठवण होते. हे आच्छादन म्हणजेच काढता-घालता येणारा कठीण टप होय.

उघड्या क्रीडामोटारींचा आणि या शहराचा आणखी एक संबंध आहे. १९९८ च्या सुमारास बेंगळूरच्या सॅन मोटर्स या कंपनीने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची उघडी मोटार बाजारात आणली. तिची जुळणी गोव्यात होत असे. तिचे इंजिन रेनॉ कंपनीचे, ११४९ घन सेंटीमीटर क्षमतेचे होते आणि बाह्यांग संमिश्र द्रव्याचे होते. या गाडीचे उत्पादन पुढे बंद पडले. काचेचे तंतू राळेत बसवून बनविलेले असे संमिश्र द्रव्य हलके असते, गंजत नाही आणि साच्यात हवा तो आकार घेते. बेंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘हंसा’ हे दोन आसनांचे प्रशिक्षण विमानही संमिश्र द्रव्याचेच आहे. काढता टप बनविण्यासाठी हेच द्रव्य बहुधा वापरले जाते. १९८९ मध्ये जपानमध्ये निघालेल्या माझदा एमएक्स-५ या मोटारीचा कठीण टप अवघा २० किलोग्रॅमच्या आसपास भरतो. दोन माणसे तो सहज उचलू शकतात.

टप बसविण्याचे काम वरकरणी पेटीवर झाकण ठेवण्याइतके सोपे वाटते. ते तसे का नाही, हे समजण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. पादत्राणांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके घ्यावे आणि झाकण काढून त्याची दोन टोके विरुद्ध दिशांनी पिळून पाहावी. खोके सहज पिळवटते. आता झाकण ठेवून त्याच्या कडा चिकटपट्टीने चोहोबाजूंनी पक्क्या कराव्या व पुन्हा पिळावे. या वेळी खोके जुमानत नाही. बंद मोटारीचा टप हा असाच चिकटविलेल्या झाकणासारखा असतो आणि गाडीच्या ताठपणात त्याचा मोठा वाटा असतो. उघड्या मोटारीस हा आधार नसल्याने तिच्या दारांखालील तुळया अधिक जाड व बळकट कराव्या लागतात. तरीही खड्ड्यातून एक चाक जाताना तिचा सांगाडा किंचित पिळवटतोच.

काढता टप चार-सहा ठिकाणीच जखडलेला असल्यामुळे हा पीळ तो फारसा रोखू शकत नाही. उलट तो अतिशय घट्ट आवळला, तर सांगाड्याचा पीळ बोल्टांच्या भोकांवर येतो आणि तेथील संमिश्र द्रव्यास तडे जातात. म्हणून बोल्टाखाली रुंद वॉशर किंवा धातूची पट्टी घालून भार पसरवितात आणि कडेला रबरी पट्टी ठेवतात. उष्णतेचा विचारही येथे करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा १.२ मीटर लांबीचा टप ४० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे १.१ मिलिमीटर वाढतो. त्याच लांबीचे पोलाद मात्र सुमारे ०.६ मिलिमीटरच वाढते. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरकही रबरालाच सामावून घ्यावा लागतो.

याउलट टप सैल राहिला, तर काय होईल? धावत्या गाडीच्या टपावरून जाणारी हवा त्याच्या बाकामुळे वेग घेते आणि तेथील दाब घटतो. आतील दाब तुलनेने अधिक राहिल्याने टप वर उचलला जाऊ लागतो. या बलाचा अंदाज करता येतो. टपाचे क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर आणि दाब घटण्याचा सरासरी गुणांक ०.५ धरू. बेंगळूरच्या विरळ हवेची घनता घनमीटरास सुमारे १.०६ किलोग्रॅम असते. ताशी १०० किलोमीटर वेगास हे बल सुमारे २४५ न्यूटन, म्हणजे २५ किलोग्रॅम वजनाइतके येते. गोव्याच्या किनाऱ्यावर हवा अधिक दाट असल्याने ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताशी ५० किलोमीटरला ते एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ६ किलोग्रॅमच असते. यावरून असे दिसते की, शहरातील रस्त्यांवर केवळ स्वतःच्या वजनाने जागेवर राहिलेला २० किलोग्रॅमचा टप महामार्गावर उडून जाऊ शकतो आणि मागून येणाऱ्या वाहनातील माणसांच्या जिवावर बेतू शकते.

या कारणासाठी टप बसविताना ठरावीक क्रम पाळतात. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीचा सांगाडा किंचित वाकतो आणि भोके जुळत नाहीत. प्रथम कापडी टप पूर्ण वाळवून व पुसून घडी घालतात. ओला ठेवल्यास त्यास बुरशी लागते. काचा खाली करून, मागील भागाच्या रंगास ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर गोधडी अंथरतात. दोन माणसे दोन्ही बाजूंनी टप उचलून सरळ खाली ठेवतात. सर्व बोल्ट आधी हातानेच फिरवून सैल बसवावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास टप तिरपा बसतो. त्यानंतर समोरच्या काचेच्या चौकटीवरील खटके लावतात आणि शेवटी मागील बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळतात.

रबर सर्वत्र सारखे दाबले गेले आहे की नाही, हे पाहण्यास कागदाची पट्टी उपयोगी पडते. काच व रबर यांच्यामध्ये ती धरून काच वर करावी आणि पट्टी ओढावी. जेथे ती विनासायास निघते तेथून पाणी आत येणार, हे निश्चित. नंतर एकाने आत बसावे व दुसऱ्याने नळीने पाण्याची मंद धार खालून वर सरकवीत न्यावी. धार प्रथमच वर धरली, तर गळती नेमकी कोठून आहे ते कळत नाही. बेंगळूरच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष व गुलमोहर यांची दाट छाया असते. त्यांची बारीक पाने पन्हळीत साचून पाणी जाण्याची भोके बुजवितात, म्हणून ती वरचेवर साफ करावी लागतात. पहिल्या काही दिवसांच्या प्रवासानंतर रबर दबते व बोल्ट सैल होतात. त्यांची पुन्हा तपासणी झाल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

टपाच्या आकारानेही त्याचे बळ वाढते. १९६३ मध्ये निघालेल्या मर्सिडीझ २३० एसएल या मोटारीचा काढता टप मध्यभागी खोलगट आणि दोन्ही कडांना उंच होता. त्यामुळे त्यास ‘पॅगोडा’ हे नाव पडले. पन्हाळी पत्रा सपाट पत्र्याहून ताठ असतो, तेच तत्त्व येथे दिसते. उंच कडांमुळे बाजूच्या काचाही मोठ्या ठेवता आल्या.

मात्र काढता टप कितीही चांगला बसला, तरी गाडी उलटल्यास तो प्रवाशांचे रक्षण करील असे मानणे चूक आहे. पातळ संमिश्र द्रव्य गाडीचे वजन पेलण्यासाठी घडविलेले नसते. ते काम समोरच्या काचेच्या बळकट चौकटीचे व आसनांमागील पोलादी कमानीचे असते, आणि त्यांचा उपयोगही आसनपट्टा बांधला असेल तरच होतो. कायद्याची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार मालकास करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तत्त्वाचा स्पष्ट पुनरुच्चार केला. नाशिक येथे बनणाऱ्या महिंद्र थार या गाडीची २०२० मधील आवृत्ती कठीण व कापडी अशा दोन्ही टपांच्या प्रकारांत उत्पादकानेच उपलब्ध केली. उत्पादकाने स्वतः पुरविलेला टप आणि कारागिराने अंदाजाने घडवून बसविलेला टप यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

तात्पर्य, काढत्या टपाचे काम पाऊस अडविणे एवढेच असले, तरी वाऱ्याने उडू नये इतका तो पक्का आणि सांगाड्याच्या पिळाने फुटू नये इतका मोकळा असावा लागतो. या दोहोंचा मेळ रबराची एक पट्टी, चार बोल्ट आणि ते आवळणाऱ्या हाताची समजूत यांवर अवलंबून असतो.