पाहुणे येणार, मग उतरायचं कुठे?

मागच्या वर्षी लग्नाच्या हंगामात परभणीच्या मावशीचा फोन आला. "आम्ही सातजण येतोय गं. पण तुझ्याकडे नाही उतरणार हं, दोन खोल्यांत कुठे मावणार? दादाने मोबाईलवर हॉटेल बघितलंय." खरं सांगते, मला हायसं वाटलं. फोटो छान होते, दरही कमी होता. मी आणखी काही विचारलं नाही.

रात्री साडेअकराला पुन्हा फोन. खाली बार, जिन्यात अनोळखी माणसं उभी, खोलीची कडी सैल, आणि बरोबर दोन तरण्या मुली. आम्ही गाडी काढली. त्या रात्री सगळे आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात, हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले. मावशी एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र झोप लागेना. हॉटेल दादाने निवडलं होतं, पण गाव माझं होतं!

आपल्या आजी-आजोबांपुढे हा प्रश्नच नव्हता. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. कोर्ट, कॉलेज, मोठा दवाखाना, सगळ्यासाठी नांदेड-परभणीची माणसं इथेच यायची. 1916 साली बांधलेल्या काचीगुडा स्टेशनवर उतरायचं आणि ओळखीच्या घरी जायचं. जवळच जांबागमध्ये 1907 सालची विवेकवर्धिनी, इसामिया बाजारात 1922 सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय. वस्ती चांगली की वाईट हे कोणी विचारत नसे, कारण पत्ता म्हणजे कुणाची तरी आत्या किंवा काका. आता वाडे जाऊन फ्लॅट आले, मुलं गच्चीबावली-कोंडापूरला गेली. घरात जागा नसेल तर पाहुण्यांसाठी चांगली जागा शोधून देणं, हाच आजचा पाहुणचार. आणि मोबाईल तुमच्या हातात आहे, म्हणून हे तरुण मंडळींना सांगते.

आधी काम बघा, मग वस्ती. लग्न काचीगुड्याला आणि हॉटेल हायटेक सिटीत, असं केलं तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. जुन्या शहरात फिरायचं असेल, सालारजंग बघायचं असेल (शुक्रवारी बंद असतं, हे पाहुण्यांना आधीच सांगा), तर बरकतपुरा, नारायणगुडा, चिक्कडपल्ली हा भाग सोयीचा. नारायणगुडा आणि चिक्कडपल्ली दोन्हीकडे मेट्रो आहे. परेड ग्राउंडला गाडी बदलली की हायटेक सिटीलाही जाता येतं.

मग वस्तीची परीक्षा. दुपारी सगळ्याच गल्ल्या शहाण्या दिसतात. रात्री नऊनंतर एक चक्कर मारा. औषधाचं दुकान, टिफिन सेंटर उघडं आहे का? बायका-मुलं रस्त्यावर दिसतात का? दिवे आहेत का? आरटीसी क्रॉसरोड्सला थिएटरं भरपूर, नवा सिनेमा लागला की रात्री उशिरापर्यंत गर्दी. तरुणांना मजा, पण आजोबांची झोप गेली. तिथून दोन गल्ल्या आत बघा.

इमारत आतून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादला एका हॉटेलच्या इमारतीत खाली इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि आठ माणसं गेली. म्हणून खाली काय आहे ते पाहा. दुसरा जिना आहे का, त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना, खिडकी उघडते का, तेही पाहा. खोलीला आतून भक्कम कडी हवी. वयस्क माणसं असतील तर लिफ्ट, आणि लाईट गेल्यावर ती चालते का, हेही विचारा.

इंटरनेटवरचे तारे मोजू नका, शेरे वाचा. "कुटुंबासह राहिलो" असं लिहिणाऱ्यांचे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले आधी वाचा. मग हॉटेलात स्वतः फोन करा. रात्री दोनला गाडी आली तर दार उघडायला कोण असेल, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आणखी दोन गोष्टी. आरटीसी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे तो तेलंगणात राहणाऱ्यांना. पाहुण्या बायकांना तिकीट काढावं लागतं, नाहीतर कंडक्टरसमोर उगाच ओशाळायला होतं. आणि 112 हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. छेडछाडीच्या तक्रारीसाठी 2014 पासून इथल्या पोलिसांची शी टीम आहे, हे मुलींना सांगून ठेवा.

यंदा श्रावणात मावशी पुन्हा आली, डोळे दाखवायला. या वेळी माझा मुलगा आधी जाऊन खोली बघून आला, कडी लावून, खिडकी उघडून. हॉटेल घरापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण आमच्याकडे, झोपायला तिकडे. निघताना मावशी त्याला म्हणाली, "तुझ्या पणजोबांकडे उतरायचो ना, तसंच वाटलं रे."

तो नुसता हसला. पुढच्या महिन्यात जालन्याचे काका येणार आहेत. खोली बघायला तोच जाणार आहे.