लायसिनच्या गोळ्या आणि घट्ट वरण

या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण आणि खोडवा याबद्दल लिहितो. या खेपेला थोडे घरातले लिहितो.

गेल्या महिन्यात एक सभासद लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात आले. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. आईला अशक्तपणा आहे म्हणून कोणीतरी लायसिनच्या गोळ्या सुचवलेल्या. "साहेब, हे खत म्हणायचं का औषध?" असे त्यांनी हसत विचारले. आम्ही घरची चौकशी केली. म्हातारी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि पाण्यासारखी आमटी खाते. दारात दोन म्हशी, पण दूध सगळे डेअरीला!

त्यांनी खत म्हटले ते अगदीच चूक नाही. प्रथिने सुमारे २० अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली ९ शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. लायसिन त्यांपैकी एक. युरिया कितीही टाकला आणि पालाश कमी पडले तर ऊस पालाशाच्या मानानेच वाढतो, हे आपण जाणतो. शरीराचेही तसेच आहे. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम, पण लायसिन जेमतेम पाव ग्रॅम. म्हणून नुसत्या भाकरीतली प्रथिने पुरती अंगी लागत नाहीत. तेवढ्याच तूरडाळीत लायसिन सुमारे दीड ग्रॅम असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण १.८ ग्रॅम लायसिन लागते. घट्ट वरण, उसळ आणि कपभर दूध पोटात गेले तर ते सहज भरून निघते.

जाता जाता एक गंमत सांगतो. हे लायसिन कारखान्यात करतात ते साखरेवर किंवा मळीवर, म्हणजे मोलॅसिसवर, जंतू वाढवून. तो जंतू १९५६ च्या सुमारास जपानात सापडला. बहुतेक माल कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातो. पोल्ट्रीवाल्या सभासदांनी पोत्यावर हे नाव वाचले असेलच. कोंबडीला मका मोजून घालतात, तिला वरण कोण वाढणार? तिथे लायसिन घालणे रास्तच आहे. पण दूध विकून गोळी आणायची, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

आणि अशक्तपणा लायसिनचाच, हे ठरवले कोणी? आम्ही त्यांना आधी डॉक्टरकडे धाडले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डाळ-दूध वाढवणे असो की अमिनो आम्लाची गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

परवा प्लॉट पाहायला गेलो तेव्हा म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सकाळचे अर्धा लिटर दूध आता घरात राहते म्हणाली. चिरंजीवांनी लागणीच्या नोंदीचा सात-बारा मात्र अजून दिलेला नाही.